ताबा कधी घ्यायचा?

सेस्ना १७२ या प्रशिक्षणाच्या छोट्या विमानात विद्यार्थी डावीकडे बसतो आणि प्रशिक्षक उजवीकडे. विमान चालवण्याची साधने मात्र दोघांपुढेही असतात. आम्हा प्रशिक्षकांच्या कामातली खरी कसोटी इथेच आहे, कारण चूक दिसताच हात पुढे केला तर विद्यार्थी ती निस्तरायला कधीच शिकत नाही आणि हात पुढे करायला उशीर झाला तर शिकवण्याची वेळच टळून गेलेली असते.

लँडिंगच्या वेळी हे सर्वाधिक जाणवते. धावपट्टीलगत नाक हळूहळू वर घेत वेग जिरवायचा असतो, त्याला फ्लेअर म्हणतात. नवखा विद्यार्थी योक (विमानाचे नाक वर-खाली करणारे हातातले चाक) जोरात ओढतो, विमान पुन्हा वर चढते, वेग पडतो, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, भोंगा वाजू लागतो आणि घाबरून तो एक तर योक आणखी ओढतो किंवा एकदम पुढे ढकलतो. यातले दुसरे अधिक वाईट, कारण मग विमान पुढच्या चाकावर आदळते. मी आधी "पॉवर दे, गो-अराउंड" एवढेच सांगतो, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढ. तरीही हात हलला नाही, तर "आय हॅव कंट्रोल" म्हणून ताबा घेतो. त्यावर विद्यार्थ्याने "यू हॅव कंट्रोल" म्हणत योक सोडलाच पाहिजे. विमान नेमके कोण चालवत आहे, हा संभ्रम जमिनीपासून दहा फुटांवर परवडत नाही.

पुष्कळसे शिक्षण उड्डाणापूर्वीच होते. टाकीतून काढलेला इंधनाचा नमुना उजेडात धरून त्याची निळसर छटा आणि तळाशी पाण्याचा थेंब आहे का, हे विद्यार्थ्यानेच पाहायचे. केवळ गेजवर विसंबून न राहता टाकीत पट्टी बुडवून इंधनही त्यानेच मोजायचे. विदर्भात मे महिन्यात तापलेली हवा विरळ होते, विमान सावकाश चढते आणि दुपारी गचके बसतात. म्हणून नवख्यांची उड्डाणे सकाळी लवकर उरकलेली बरी.

सोलोची, म्हणजे एकट्याने उडण्याची, परवानगी देताना मी सलग चार सुंदर लँडिंगला फारसे महत्त्व देत नाही (ती वारा शांत असल्यामुळेही होतात). अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणे) बिघडल्याचे स्वतः ओळखून, मी काही बोलण्याआधीच ज्याने गो-अराउंड केले, त्याच्यावर माझा भरवसा अधिक बसतो. एकट्याने उडताना माझे वजन नसल्यामुळे विमान लवकर उचलेल, हेही त्याला आधी सांगावे लागते. आणि ऐन वेळी आडवा वारा वाढला, तर घरच्यांनी पेढे आणून ठेवलेले असले तरी सोलो पुढे ढकलला जातो.