ग्रीसमध्ये शाकाहारी जेवताना: ‘ने’ म्हणजे हो!

ग्रीसमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. तीळ लावलेला कड्यासारखा पाव कुलुरी, पातळ पापुद्र्यांत पालक भरलेली स्पनाकोपिता, टोमॅटोच्या रश्शातले टपोरे यिगांदेस पावटे, सगळं सहज मिळालं. अडलं ते दोल्मादेसपाशी. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळलेला हा पदार्थ कधी निव्वळ भाताचा असतो, कधी खिम्याचा, आणि मेनूत नाव मात्र एकच.

खिम्याला तिथे ‘कीमास’ म्हणतात, आपल्याच शब्दाचा भाऊबंद. म्हणून मी नुसतं ‘कीमा?’ विचारलं. वेटर म्हणाला, ‘ने.’ मराठी कानाला तो नकारच वाटला. पान उलगडलं तर आत खिमा! ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो आणि ‘ओही’ म्हणजे नाही. हे ‘ओही’ घाईत ‘ओके’सारखं ऐकू येतं. वर कधी वेटर तोंडाने काहीच बोलत नाही, भुवया उडवून डोकं किंचित मागे टाकतो. तोही नकारच. दोन दिवस चिडचिड झाली, मग हो-नाहीचे प्रश्नच सोडून दिले. ‘होरिस कीमा’, म्हणजे खिम्याशिवाय, असं सांगायचं आणि बोट ताटाकडे दाखवायचं.

नजरेनेही ओळखता येतं. गरम दोल्मादेसवर पिवळसर दाट सॉस असेल तर आत बहुतेक खिमा. शिवाय त्या अवगोलेमोनो सॉसमध्ये अंडं असतं. थंड, वर लिंबाची फोड, आत शेपू-पुदिन्याचा भात, ते ‘यालांजी’. मूळ तुर्की शब्दाचा अर्थ ‘खोटारडा’, कारण मांस नाही! भरलेल्या टोमॅटोंना, म्हणजे येमिस्तांनाही हेच विचारायचं.

‘नीस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचं. त्यात मांस, दूध, अंडं नसतं, पण ऑक्टोपस, माकूळ, कोळंबी चालते, कारण त्यांच्यात रक्त नाही असं मानतात. आपल्या उपवासाला साबुदाणा चालतो अन् पोळी नाही, तेव्हा आपण हसू नये.

हो, जेवायला दुपारीच जा. भाज्यांचे ट्रे सकाळी शिजतात, रात्रीपर्यंत ब्रियाम, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मिश्र भाज्या, संपून नुसतं ग्रिलवरचं मांस उरतं. फेता चीजही विचारून घ्या. त्यात बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं.

तेही नको असेल तर सँटोरिनी बेटाचा फावा मागवा: पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेल, लिंबू आणि कच्चा कांदा.