स. न. वि. वि.

बाबा तीन महिन्यांसाठी लंडनला आले, तेव्हा राजवाडा, मोठं घड्याळ, पाळणा यांची यादी मी करून ठेवली होती. त्यांनी ती चष्म्याच्या वरून पाहिली आणि म्हणाले, "ते तारा चोरून ऐकायचे, ते ठिकाण कुठंय? तिथं जाऊ."

बाबांची अख्खी नोकरी तारखात्यात गेली. त्यामुळे ब्लेचली पार्क, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडले ती जागा, त्यांच्या लेखी पंढरपूरच.

युस्टनहून गाडी तासाभराच्या आत ब्लेचलीला पोचवते. तरी बाबांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायला लावली. गाडी म्हटली की दशम्या, अंतर गौण. स्टेशनातून बाहेर पडलं की पार्क समोरच. ही जागा निवडण्यामागे रेल्वेच होती. लंडनची मुख्य लाइन इथून जायची आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजला जोडणारी गाडीही इथेच मिळायची. दोन्हीकडचे प्राध्यापक पकडून आणायला सोयीचं.

मला वाटलं होतं, एवढं मोठं गुपित म्हणजे भुयारं-बियारं असतील. निघाल्या लाकडी बराकी. आपल्याकडे धरणाच्या कामावर साहेबांसाठी उभारतात तशा. सहा नंबरच्या बराकीत संदेश फोडायचे आणि तीन नंबरमध्ये भाषांतर व्हायचं. मध्ये लाकडी बोगदा, त्यातून कागदांचा ट्रे झाडूच्या दांड्यानं पलीकडे ढकलायचा. हे वाचून बाबांना फार बरं वाटलं. सरकारी ऑफिस ओळखीचं झालं.

आठ नंबरच्या बराकीत इथला नावाजलेला गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगची खोली त्या काळासारखी मांडली आहे. तिथल्या रेडिएटरला एक मग साखळीनं बांधलेला. कुणी पळवू नये म्हणून ट्युरिंग खरोखर तसं करायचे. बाबा गंभीर होऊन म्हणाले, "मला हे सुचलं नाही. माझे तीन पेले गेले."

जर्मन ज्यावर संदेश सांकेतिक करायचे ते एनिग्मा यंत्र काचेत ठेवलंय. दिसायला टाइपरायटर. त्याच्या मांडणीच्या शक्यता म्हणजे १५९ वर १८ शून्यं, आणि मांडणी रोज मध्यरात्री बदलायची. पोलंडच्या तीन गणितज्ञांनी १९३२ पासूनच याला हात घातला होता आणि १९३९च्या जुलैत वॉर्सोजवळ त्यांनी आपली सगळी विद्या इंग्रजांच्या आणि फ्रेंचांच्या हाती दिली. तबेल्याच्या अंगणात त्यांचं स्मारक आहे. तिथं गर्दी नव्हती.

पण मला गंमत वाटली ती यंत्राच्या एका खोडीची. एनिग्मात कुठलंही अक्षर कधीच स्वतःसारखं उमटत नाही. आमच्या लहानपणच्या च-च्या भाषेचं नेमकं उलट. तिच्यात 'घरी'चं 'चरीघ' व्हायचं, पण 'चहा'चं फक्त 'चहाच'. म्हणजे लपवलं काय? ही एवढीशी खोडच एनिग्माला नडली. संदेशात अमुक शब्द असणार असा अंदाज असला, की तो सांकेतिक अक्षरांखाली धरून सरकवत न्यायचा. वरखाली एक जरी अक्षर जुळलं, तर ती जागा बाद. उरलेल्या जागांसाठी मग ट्युरिंग आणि त्यांचे सहकारी वेल्शमन यांची कपाटाएवढी यंत्रं फिरायची.

आणि अंदाज बांधायचा कशावरून? सवयीवरून. जर्मन माणूस शिस्तीचा. रोज ठरल्या वेळी हवामानाचा अहवाल धाडणार आणि त्यात 'हवामान अहवाल' असं लिहिणारही. मी मनात म्हटलं, आपल्याकडे तर पहिल्याच दिवशी निकाल लागला असता. सगळी पत्रं 'स. न. वि. वि.'नं सुरू, पुढे 'पत्रास कारण की', शेवटी 'कळावे'. हॉस्टेलवर मला आलेल्या बाबांच्या पत्रांत मधल्या चार ओळीच काय त्या फोडायच्या राहत, आणि त्यात पैसे जपून वापर एवढंच असायचं.

जॉन हेरिवेल नावाचा केंब्रिजचा पोरगा तर १९४०च्या फेब्रुवारीत शेकोटीसमोर बसून जर्मन ऑपरेटरच्या आळसाचाच विचार करत होता. पहाटे उठलेला, कंटाळलेला माणूस यंत्राची चक्रं नवी लावल्यावर मुद्दाम फिरवेल कशाला? आहे तशीच, जवळपास तिथेच ठेवून पहिला संदेश पाठवेल, आणि त्यावरून त्या दिवसाची मांडणी ताडता येईल. मे महिन्यात हा तर्क कामाला आला. मला हा माणूस ट्युरिंगइतकाच आवडला.

एका ठिकाणी मोर्स, म्हणजे तारेची टिंब-रेघांची भाषा, ऐकायला हेडफोन होता. बाबांनी तो लावला आणि त्यांचं बोट आपोआप टेबलावर चालू लागलं. "ऐकणाऱ्या मुली पाठवणाऱ्याला त्याच्या हातावरून ओळखायच्या म्हणे," मी पाटी वाचून सांगितलं. "ओळखणारच," बाबा म्हणाले. "पुढच्या स्टेशनवरच्याला सर्दी झालेलीसुद्धा कळायची." सर्दीचं मी सोडून दिलं.

एकाच गोष्टीवर ते नाराज झाले. १९४१च्या ऑक्टोबरात इथल्या चौघांनी माणसं कमी पडतात म्हणून थेट चर्चिलना पत्र लिहिलं. त्यांतले मिल्नर-बॅरी ते पत्र स्वतः गाडीनं लंडनला घेऊन गेले. चर्चिलनी लगेच हुकूम काढला. बाबा म्हणाले, "थ्रू प्रॉपर चॅनल नाही?"

१९४५च्या सुरुवातीला इथं जवळपास ९,००० माणसं होती आणि त्यांतल्या दर चारजणांत तीन बायका. युद्ध संपलं, सगळे घरी गेले आणि सत्तरीच्या दशकापर्यंत बोलले नाहीत. नवऱ्यांना माहीत नाही, आईबापांना माहीत नाही. मला हेच सगळ्यात अवघड वाटलं, आणि तसं बोलूनही दाखवलं. बाबा काही बोलले नाहीत.

परतीच्या गाडीत दशम्या सोडल्या. मग मला आठवलं. गावातली प्रत्येक तार बाबांच्या हातून जायची. कुणाचा जावई गेला, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, सगळं घरच्यांच्या आधी बाबांना ठाऊक. घरी आम्हाला कधी एक अक्षर कळलं नाही. समोरच्या वाड्यातल्या काकू एका तारेनंतर रातोरात माहेरी गेल्या त्या गेल्याच. तेव्हा आई महिनाभर विचारत होती.

"बाबा, आता तरी सांगा. आता तर तारखातंही राहिलं नाही. काय होतं त्या तारेत?"

बाबांनी चटणीचा हात रुमालाला पुसला. खिडकीबाहेर मेंढ्या होत्या, त्या बराच वेळ पाहिल्या.

"चहाच," म्हणाले.