कोलेस्टेरॉलची गोळी आणि विसरभोळेपणा: तुम्ही विचारलंत म्हणून

"मेंदू म्हणे चरबीचाच असतो. मग कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी घेतली तर डोकं चालेनासं होणार नाही का?" आयुष्य जीवरसायनशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे हा प्रश्न लग्नकार्यात हमखास माझ्या पानात पडतो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो: "आणि तूप खाल्लं की बुद्धी तल्लख होते, हे खरं ना?" दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच, की रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जातं. ते जात नाही.

प्रश्नाचा पहिला भाग मात्र बरोबर आहे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीरातल्या कोलेस्टेरॉलपैकी 20 ते 25 टक्के तिथे असतं. फॉर्मलिनमधला मेंदू कापून मुलांपुढे ठेवला की कडेनं करडा पट्टा आणि आत पांढरा भाग दिसतो. हा पांढरा का, असं मी विचारायचे. चेतातंतूंवर मायलिनचं स्निग्ध वेष्टण असतं, त्यामुळे. मेंदूतलं बहुतेक कोलेस्टेरॉल त्या वेष्टणातच असतं.

पण ते जवळपास सगळं मेंदूनं स्वतः केलेलं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जुळलेल्या असतात की रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण पलीकडे जाऊ शकत नाहीत. कोलेस्टेरॉलपुरती मेंदूची चूल वेगळी आहे. यकृतात काय रांधलं जातंय, तुमच्या भातावर किती तूप पडलं, याचं तिला सोयरसुतक नाही. (तूप खा, मीही खाते. बुद्धीसाठी म्हणून तेवढं खाऊ नका.) शिवाय रक्तातलं कोलेस्टेरॉल काही दिवसांत बदलतं, मेंदूतलं मात्र महिनोन्‌महिने आणि मायलिनमधलं तर वर्षानुवर्षं टिकतं.

आता या चुलीवर रांधतं कोण? वाढीच्या वयात चेतापेशी स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः करतात. मोठेपणी ते काम बव्हंशी शेजारच्या अॅस्ट्रोसाइट पेशींकडे जातं. या पेशी ग्लिया नावाच्या मोठ्या कुटुंबातल्या. एके काळी ग्लिया म्हणजे चेतापेशींना धरून ठेवणारं भरताड, असं शिकवलं जायचं. ते किती अपुरं होतं हे दाखवणारा एक प्रयोग मला फार आवडतो. जर्मनीत फ्रँक प्फ्रीगर यांच्या गटानं उंदरांच्या डोळ्याच्या पडद्यातल्या चेतापेशी काचेच्या बशीत एकट्याच वाढवल्या. पेशी जगल्या, पण एकमेकींशी जोड फारसे करीनात. ज्या द्रवात ग्लिया पेशी वाढल्या होत्या, तो त्यांच्यावर घातल्यावर जोड भराभर वाढले. म्हणजे त्या द्रवात काहीतरी होतं. अशा वेळी एखादं खास प्रथिन सापडणार, अशीच कुणाचीही अटकळ असते. 2001 मध्ये 'सायन्स'मध्ये उत्तर छापून आलं: ते कोलेस्टेरॉल होतं, एपो-ई नावाच्या प्रथिनावर बसून आलेलं.

हे एपो-ई लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. अॅस्ट्रोसाइट कोलेस्टेरॉल करते, ते एपो-ईवर चढवून बाहेर सोडते, चेतापेशी ते आत ओढून घेतात. जास्त झालेल्याचीही सोय आहे. चेतापेशीतलं एक एन्झाइम कोलेस्टेरॉलला ऑक्सिजनचा एक अणू जोडतं आणि तेवढ्या बदलानं ते रक्तात उतरू शकतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या इंगेमार ब्योर्कहेम यांच्या गटानं 1990 च्या दशकात मेंदूकडे जाणारं आणि मेंदूकडून मानेच्या शिरेत परतणारं रक्त ताडून पाहिलं आणि हा हिशेब मांडला. दिवसाला सुमारे 6 ते 7 मिलिग्रॅम, बस्स. पुढची विल्हेवाट यकृत लावतं.

स्मृतिभ्रंशाचा संबंध इथे येतो. एपो-ई हे 299 अमिनो आम्लांचं प्रथिन. बहुतेकांमध्ये त्याचा ई-3 हा प्रकार असतो, काहींमध्ये ई-4. दोहोंत फरक एकाच जागेचा: 112 व्या जागी सिस्टीनऐवजी आर्जिनिन. 1993 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अॅलन रोझेस यांच्या गटानं दाखवलं की उतारवयातल्या अल्झायमरच्या रुग्णांत ई-4 फार जास्त आढळतं. आईवडिलांपैकी एकाकडून ई-4 आलं तर धोका सुमारे तिप्पट, दोघांकडून आलं तर आठ ते बारापट. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत.

ई-4 चरबी नीट वाहून नेत नाही, मग ती पेशींतच साठते. 2022 मध्ये एमआयटीतल्या ली-ह्वेइ त्साय यांच्या गटाला दिसलं की ई-4 असलेल्यांच्या मेंदूत मायलिन करणाऱ्या पेशींमध्ये कोलेस्टेरॉल भलत्याच ठिकाणी अडकून पडतं आणि मायलिन कमी पडतं. म्हणजे माल आहे, पण जागेवर पोचत नाही. अल्झायमरमध्ये पेशींबाहेर साठणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या सफाईतही ई-4 आडवं येतं, त्यामुळे सगळा दोष या वाहतुकीवर ढकलता येणार नाही. पण एक गोष्ट मला खटकते. खुद्द अलॉइस अल्झायमर यांनी 1907 च्या लेखात पेशींतल्या तंतूंच्या गुंत्याबरोबर आणि बाहेरच्या साठ्याबरोबर ग्लिया पेशींत दिसलेली चरबीही नोंदवली होती. पहिल्या दोन गोष्टींमागे पुढे सगळी दुनिया लागली, तिसरी अडगळीत पडली.

वाहतूक बिघडली की काय होतं, ते नीमन-पिक सी या दुर्मिळ आजारात उघड दिसतं. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं की पेशीत आलेलं कोलेस्टेरॉल पेशीच्याच एका कप्प्यात अडकून राहतं. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या रिपोर्टवरून याचा पत्ता लागत नाही. शाळकरी वयाची मुलं तोल जाऊन पडू लागतात, शिकलेलं विसरू लागतात. त्यांच्या चेतापेशींत टाऊ प्रथिनाचे तसेच गुंते सापडतात, जसे अल्झायमरच्या म्हाताऱ्या रुग्णांत.

तर गोळी. माझ्या एका मावशीनं व्हॉट्सअॅपवर काहीतरी वाचून रोसुवास्टॅटिन परस्पर बंद केली. पट्टी डब्यात तशीच, वर मला म्हणते, "अगं, नावं आठवत नव्हती मला." नावं आठवत नव्हती ती गोळीच्या आधीपासून, पण ते असो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. त्या घेणाऱ्या काहींनी विसरायला होतं अशी तक्रार केली, हे खरं आहे. 2012 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं तसा उल्लेख माहितीपत्रकात घालायला लावला, त्यातच म्हटलं की हे क्वचित होतं आणि गोळी थांबवली की जातं. पण ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत 20,536 लोकांपैकी निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी सरासरी पाच वर्षं दिली, तेव्हा दोन्ही गटांत बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. इव्होलोक्युमॅब या इंजेक्शननं एलडीएल पार खाली नेलेल्या रुग्णांच्याही स्मरणशक्तीच्या चाचण्या झाल्या, 2017 चा तो अभ्यास. तिथेही घसरण नाही. उलट, अल्झायमर झालेल्यांना उपचार म्हणून स्टॅटिन दिली तर फायदाही झाला नाही. चुली वेगळ्या आहेत म्हटल्यावर यात नवल नाही.

"मग एलडीएल वाढलं तरी मेंदूचं काय बिघडतं?" असं लगेच विचारू नका. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या काही वेगळ्या चुलीवर नाहीत. त्या आतून जाड झाल्या, पक्षाघाताचे बारीक बारीक झटके येऊन गेले, की स्मृतिभ्रंश त्या वाटेनंही येतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगानं टाळता येण्याजोग्या 14 कारणांत मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल नव्यानं घातलं, आणि जगातल्या सुमारे 7 टक्के स्मृतिभ्रंशाचा वाटा त्याच्याकडे लावला. मध्यमवयातलं, हे महत्त्वाचं. आजार दिसण्याआधीच वजन उतरू लागतं, कोलेस्टेरॉलही उतरतं. मग ऐंशीच्या घरातल्या रुग्णाचा कमी आकडा पाहून लोक म्हणतात, कमी कोलेस्टेरॉलनं विसरायला झालं. तिथे कारण आणि परिणाम यांची उलटापालट झालेली असते. मावशीला एवढंच सांगितलं: डॉक्टरांकडे जा, विसरतेस ते त्यांना सांग, गोळीचं ते ठरवतील.

हल्ली तिसरा प्रश्न येतो, बहुतेक परदेशातल्या भाच्या-पुतण्यांकडून: "आजीला होतं, मी ई-4 ची टेस्ट करून घेऊ का?" हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात ई-4 चं प्रमाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या लोकांपेक्षा कमी निघालं, पण अल्झायमरशी नातं तितकंच घट्ट. म्हणजे आपण सुटलो असं नाही. तरी ई-4 असलेले कितीतरी जण ठणठणीत राहतात, नसलेल्यांनाही आजार होतो. अमायलॉइड काढणारं नवं औषध सुरू करायचं असेल तर ही टेस्ट लागते, कारण ई-4 वाल्यांत मेंदूला सूज येण्याचा धोका जास्त. नुसत्या उत्सुकतेपोटी मी करायला सांगत नाही. रिपोर्ट काहीही आला तरी आज करायच्या गोष्टी त्याच राहतात: रक्तदाब, साखर, एलडीएल आणि ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र.