येताना वारा समोर

निवृत्ती जवळ आली की लोक गावाकडच्या घराची कौलं बदलतात, नाहीतर चारधामचं बुकिंग करतात. आम्ही तिघं मित्र बोट बघतोय. शिडाची, तीस-बत्तीस फुटांची, नवी कोरी. शनिवार-रविवारी मांडव्याला, रेवदंड्याला निवांत जाता यावं आणि क्लबच्या शर्यतीत उतरलं तर अगदीच शेवटी येऊ नये, एवढीच अपेक्षा. खर्च तिघांत वाटून. एकट्याने घ्यायची तर राहता फ्लॅट विकून केबिनमध्येच मुक्काम हलवावा लागेल.

कॅटलॉगमधला सगळा आराम त्या केबिनमध्येच असतो. लाकडी फळ्या, जाडजूड गाद्या, दोन शेगड्यांचा ओटा, फ्रिज. जिथे बाहेर हाताची बोटं गारठतात तिथल्या लोकांना हे छान. एप्रिलच्या दुपारी गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधून, उभ्या केलेल्या बोटीच्या केबिनमध्ये पाच मिनिटं बसून बघा. आपल्याकडे माणूस बोटीवर राहतो तो कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बैठकीत, उघड्यावर. म्हणून मी आधी ताडपत्री कुठे ताणता येईल ते बघतो, गाद्या नंतर.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे असतात. परीक्षा झाली की आपण ते विसरतो. मुंबईच्या समुद्रात मात्र दिवाळीपासून मेपर्यंत वेळापत्रक त्यांच्याच हातात. पहाटे जमिनीवरून मतलई येतो, ऊन चढलं की मरतो. मग काही वेळ शिडं नुसती लोंबतात, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. मांडवा गेटवेच्या दक्षिणेला. म्हणजे दुपारी जाताना वारा पाठीशी, हातात चहाचा कप. येताना तोच वारा नाकासमोर. शिडाची बोट थेट वाऱ्यात घुसत नाही. पंचेचाळीसेक अंशांचा कोन धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी यावं लागतं. त्यात ओहोटी सुरू झाली असेल तर बघायलाच नको. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो आणि ते सगळं पाणी बंदरातून बाहेर निघालेलं असतं. वारा मंद असेल तर बोट पाण्यातून पुढे जात असते आणि ताजमहाल हॉटेल हळूहळू लांब जात असतं.

शर्यतीत असं झालं की एकच इलाज: नांगर टाकायचा. नियमात बसतं. पण तो प्रतिस्पर्ध्याला दिसणार नाही अशा बाजूने, साखळीचा खडखडाट न करता, दोरी हातातून हळूहळू सोडत टाकायचा. शिडं तशीच वर, चेहरे गंभीर. शेजारची बोट मागे सरकत जाते आणि त्यांना वाटतं, आपण पुढे चाललोय. या वयात एवढा शुद्ध आनंद दुसऱ्या कशात मिळत नाही.

त्यामुळे जड बोट नको, हे माझं मत. तिघांतला एक अभिलाष टॉमीचं उदाहरण देतो. २०२२ साली सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये त्यांनी छत्तीस फुटी, लांब कण्याची (तळाखालच्या कीलची), साडेसात टनांच्या आसपासची बोट एकट्याने जगाभोवती नेली आणि दुसरा क्रमांक पटकावला. खरं आहे. पण ते दक्षिण महासागरातून जात होते. आपल्याला रविवारी रात्री जेवायला घरी यायचंय. मंद वाऱ्यात हलकी बोटच हलते.

मग प्रश्न खोलीचा. वाऱ्याकडे नीट चढायचं तर पाण्याखाली कणा खोल हवा, दोन मीटरच्या आसपास. आणि खाडीत शिरायचं तर तो नसलेला बरा. आंग्र्यांची गलबतं कमी पाण्यावर चालायची, म्हणून मोठी इंग्रजी जहाजं पोहोचत नसत अशा खाड्यांत ती शिरत. आम्हाला कोणी पाठलाग करणारा नाही, तेव्हा मी खोल कण्याच्या बाजूने. खाडी राहिली तर राहिली. घरी वेळेवर येणं महत्त्वाचं.

खरा आराम दोऱ्यांमध्ये आहे. पुढचं शीड गुंडाळायला नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, रांगत जावं लागतं, की कॉकपिटमध्ये बसून दोरी ओढली की ते आपोआप गुंडाळलं जातं? दिशा बदलताना शीड स्वतःहून पलीकडे जातं, की विंचवर, दोरी ताणायच्या रहाटावर, कोणीतरी घाम गाळायचा? मुलं पुण्यात आणि बंगळुरात, बाकी मित्रांची गुडघ्यांची ऑपरेशनं रांगेत. दोघांत, वेळ पडली तर एकट्याने हाकता येते ती बोट आरामाची. चार धडधाकट माणसं लागणारी बोट कितीही वेगवान असली तरी मूरिंगवरच डोलत राहणार. क्लबच्या शर्यतीत बोटींना हँडिकॅप, म्हणजे संथ बोटीला वेळेची सवलत, देतात, पण तो बोटीचा. गुडघे हिशेबात धरत नाहीत.

सौ.ने एकच प्रश्न विचारला. "अहो, संडासाला दार आहे का?" शर्यतीच्या बोटींत वजन वाचवायला तिथे नुसता पडदा असतो. पडदेवाल्या बोटी त्या संध्याकाळीच बाद झाल्या.

आता अडलंय ते चाकावर. मला सुकाणूला सरळ दांडा हवा, टिलर. पाण्याचा दाब हाताला कळतो, आणि नांगर टाकल्यावर तो उभा करून ठेवला की कॉकपिटमध्ये चौघांना ऐसपैस जेवता येतं. मित्राला मोटारीसारखं चाक हवंय. "वहिनी, तुम्हीच सांगा, या वयात दांडा शोभतो का?" म्हणून त्याने घरापर्यंत प्रकरण नेलं. चाकामागे फोटो चांगला येतो, एवढं मी मान्य केलंय. पावसाळ्यात बोटी पाण्याबाहेर काढल्या की ऑर्डर द्यायची ठरलंय. तोवर भांडायला सवड आहे.