लेसर करावं का? माझ्या कॉर्नियाचा हिशोब

चष्मा मला चौथीपासून आहे, आता उजव्याचा नंबर मायनस सव्वासहा आणि डाव्याचा पावणेसहा, आणि गेली दोन वर्षं तो हललेला नाही म्हणून यंदा ठरवलं की नंबर घालवायच्या लेसरचं एकदा नीट विचारूनच घ्यायचं. नागपुरात धंतोली-रामदासपेठ भागात डोळ्यांचे दवाखाने भरपूर आहेत, प्रश्न दवाखान्याचा नाही. प्रश्न हा की माझ्या डोळ्याला ते चालतं का, आणि हे फक्त तपासणीत कळतं. लोक आधी खर्च विचारतात नाहीतर "भीती नाही वाटत का" विचारतात, पण मला आता पक्कं वाटतं की निर्णय कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराच्या, जाडीवर सुरू होतो, बाकी सगळं त्याच्यानंतर.

तपासणीच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस बंद ठेवायला सांगतात, कारण लेन्समुळे कॉर्नियाचा आकार थोडा बदललेला असतो आणि मशीन तोच खरा धरून मोजतं. मग पेंटाकॅम, म्हणजे कॉर्निया मोजायचं मशीन, हनुवटी टेकवायची, समोरच्या लाइटकडे बघायचं, काही सेकंदांत कुठे किती जाड आणि कुठे किती गोल याचा रंगीत नकाशा हातात. त्यानंतर पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं बसवतात, डोळ्यात पाणी किती तयार होतं ते पाहायला. शेवटी थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि मागचा पडदा बघतात. त्या थेंबांनंतर भर दुपारी वर्धा रोडवर स्वतः स्कूटी चालवायची नाही हं, कोणाला तरी सोबत न्याच.

माझा कॉर्निया निघाला ५१२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सरासरी ५४० च्या आसपास धरतात, म्हणजे माझा जरा पातळच. आता हिशोब बघा. एक नंबर उतरवायला अंदाजे १४ मायक्रॉन काढावे लागतात, किती रुंद भागावर लेसर मारतात त्याप्रमाणे थोडं कमी-जास्त, म्हणजे सव्वासहाचे झाले ८८ च्या जवळपास. लॅसिकमध्ये, म्हणजे या लेसरच्या नेहमीच्या प्रकारात, त्याआधी कॉर्नियाचा वरचा पापुद्रा कापून दुधावरच्या सायीसारखा बाजूला सारतात, मग खाली लेसर मारून तो परत ठेवतात, तो पापुद्रा ११० चा धरा. दोन्ही मिळून १९८, खाली शाबूत उरले ३१४. खाली निदान २५० तरी राहिलेच पाहिजेत आणि बरेच डॉक्टर ३०० च्या खाली जायला तयार होत नाहीत, म्हणजे इथे मी पास. पण अजून एक माप असतं, पापुद्रा आणि काढलेला भाग मिळून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांच्या आत राहावं. माझं येतं जवळजवळ ३९. पास, पण अगदी काठावर.

आणि काठावर राहायची मला इच्छा नाही, कारण कॉर्निया कमजोर झाला तर नंतर, कधी कधी वर्षांनी, तो पुढे फुगत जातो आणि मग चष्मा लावूनही नीट दिसत नाही. हे क्वचित होतं, पण झालं तर मोठं दुखणं आहे. केराटोकोनस नावाच्या आजारात कॉर्निया मुळातच असा पातळ होऊन टोकदार होतो आणि तो असेल तर लॅसिक करतच नाहीत. डोळे चोळायची सवय त्याच्याशी जोडलेली आहे. आपल्याकडे धूळ काय कमी आहे का, ऍलर्जीवाली किती पोरं दिवसभर डोळे चोळत असतात, तर लेसर करायचं असो-नसो, त्यांना चोळू देऊ नका, थेंब लिहून घ्या.

म्हणून माझ्या यादीत आता पीआरके वर आलं, ज्याला सरफेस लेसर म्हणतात. यात पापुद्रा कापतच नाहीत, फक्त वरचा नाजूक थर, ५० मायक्रॉनच्या आसपास, बाजूला करतात आणि तो काही दिवसांत आपोआप परत येतो. ५१२ मधून ५० आणि ८८ गेले तरी खाली ३७४ उरतात. त्याची किंमत म्हणजे पहिले तीन-चार दिवस दुखतं, चुरचुरतं, पट्टीसारखी लेन्स घालून राहावं लागतं, आणि नजर पूर्ण साफ व्हायला काही आठवडे जातात, लॅसिकवाले दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातात तसं नाही. नंबर जास्त असला की कॉर्नियावर धूसरपणा यायची शक्यताही असते आणि कडक ऊन त्यात भर घालतं, म्हणून नंतर बरेच दिवस गॉगल लावायला सांगतात. आता मे महिन्यात ४५ डिग्रीत नागपुरात हे कोण करेल, वरून कूलरची हवा चेहऱ्यावर! उन्हाळ्यात तर मी करणारच नाही.

स्माइल म्हणून अजून एक आहे, छोट्या चिरेतून आतली चकती ओढून काढतात. माझ्या जाडीला त्याचा वेगळा फायदा नाही असं डॉक्टरांचं मत पडलं, म्हणून मी खोलात गेले नाही.

आई मात्र एकच विचारते, "काहून डोळे जाळून घेऊन राहिली तू?" तिला मी सांगितलं की हा लेसर जाळत नाही. एक्सायमर लेसर, १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, तो रेणूंमधले बंध तोडतो आणि बाजूच्या भागाला जवळजवळ उष्णता लागू देत नाही. १९८१ मध्ये आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या लॅबमध्ये रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीवर तो मारून पाहिला, तर काप एकदम स्वच्छ आला, कडा करपल्या नाहीत. शोध लावणारा माणूस मद्रासचा आहे म्हटल्यावर आई जराशी ऐकायला लागली, त्याचा मला खरंच आनंद झाला.

मला स्वतःला काळजी कोरड्या डोळ्यांची आणि रात्रीची आहे. लेसरमध्ये कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, त्यामुळे काही महिने डोळे कोरडे राहतात, आणि माझं काम दिवसभर स्क्रीनवर. रात्री समोरच्या गाडीच्या लाइटभोवती वलयं दिसू शकतात, बहुतेकांची कमी होतात, काहींची राहतात. मिहानमधल्या ऑफिसातून घरी यायला मला रोज अंधार होतो, तर हा माझ्यासाठी छोटा मुद्दा नाही.

ताईचा हिशोब वेगळाच आहे. ती अडतिशीची, नंबर मायनस तीन, चष्मा काढून आरामात वाचते. चाळिशी लागल्यावर जवळचं दिसणं सगळ्यांचंच कमी होतं, आणि दूरचा नंबर काढून टाकला की वाचायचा चष्मा लागणार. तिला मी घाई करू नको म्हटलं.

पैशाचं थोडक्यात सांगते, मेडिक्लेममध्ये साडेसातच्या खालच्या नंबरला पैसे मिळत नाहीत, तसा नियमच आहे, म्हणजे माझा खर्च खिशातूनच. आणि आपल्या इथली जी पोरं रेल्वेत असिस्टंट लोको पायलटची तयारी करून राहिलीत त्यांनी लेसर करायच्या आधी जाहिरात वाचा रे बाबांनो, लॅसिक झालेल्यांना त्या पोस्टला घेत नाहीत. चष्मा घालवून नोकरी गेली असं नको व्हायला.

लेसरने नंबर जातो, पण मायनस नंबरात डोळ्याची जी लांबी वाढलेली असते ती तशीच राहते, म्हणून पडदा दरवर्षी तपासायचा हे चालूच राहणार. आणि आत्ताचे सगळे रिपोर्ट जपून ठेवायचे, पुढे मोतीबिंदूच्या वेळी आत टाकायच्या लेन्सचा नंबर काढताना ते कामी येतात.

आता दुसऱ्या एका डॉक्टरांकडे पेंटाकॅम परत काढणार आहे. दोन्हीकडची जाडी जुळली तर दिवाळीनंतर सुट्टी टाकून सरफेस लेसर करेन. नाही जुळली, तर बर्डीतून नवी फ्रेम घेते आणि हा विषय बंद.