चारला बंद होणारं नागपूर

2021 च्या जूनमध्ये राज्य सरकारने करोनाचे निर्बंध पाच स्तरांत वाटले, आणि 7 जूनला नागपूर शहर पहिल्या, म्हणजे सगळ्यात सैल स्तरात आलं. पॉझिटिव्हिटी पाच टक्क्यांच्या आत, ऑक्सिजनचे बेड पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेले, म्हणून जवळपास सगळं खुलं झालं. तीन आठवडेही झाले नाहीत तोच राज्य सरकारचा 25 जूनचा आदेश आला आणि 28 पासून अख्खं राज्य किमान तिसऱ्या स्तरात गेलं. आकडे इथले बरे, तरी दुकानं दुपारी चारला बंद. चिडचिड साहजिक होती. पण आदेश निव्वळ मूर्खपणाचा होता, असंही छातीठोक म्हणता येत नाही.

कारण पॉझिटिव्हिटी हा शेवटी भागाकार आहे. शंभरात किती बाधित निघाले ते कळतं, पण ते शंभर कोण होते हे त्यात दिसत नाही. ऑफिसात किंवा बाजारात सरसकट अँटीजेन चाचण्या घेतल्या की निगेटिव्हचा ढीग वाढतो आणि टक्का आपोआप उतरतो. शिवाय अँटीजेनमधून काही बाधित निसटतात ते वेगळंच. नव्या आदेशात फक्त आरटी-पीसीआर धरायला सांगितलं होतं ते यासाठीच. ते योग्यच झालं.

बेडचा आकडा मात्र नागपूरवर थोडा अन्याय करायचा. मेडिकल आणि मेयो या इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत फक्त शहरातले पेशंट नसतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, पार छिंदवाडा-बालाघाटहूनही लोक इथेच येतात. बेड भरले की स्तर शहराचा चढायचा, पेशंट निम्म्या विदर्भाचे असले तरी.

आता चारच्या वेळेचं बघा. इतवारीतला ठोक धंदा दिवसाचाच, त्याचं फारसं अडलं नाही. सकाळचा तर्री-पोहा दहापर्यंत आटोपतो. मार बसला तो बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजाराला, आणि झणझणीत रश्शाच्या सावजी खानावळवाल्यांना. ऑफिस सुटल्यावर बर्डी भरते, सावजीची खरी गिऱ्हाइकी रात्रीची. हॉटेलांना चारनंतर पार्सलची मुभा होती म्हणे. पण सावजीच्या रश्शाची मजा पिशवीत कुठली!

शिवाय गर्दीचं गणित. एका दुकानात दिवसाला 300 गिऱ्हाईक येतात आणि प्रत्येक जण वीस मिनिटं थांबतो असं धरा. सकाळी दहा ते रात्री नऊ दुकान उघडं असेल तर एका वेळी आत साधारण नऊ जण असतात. दहा ते चारमध्ये तेच 300 आले, तर सतरा. संध्याकाळचे टाइमपासवाले घटतात हे खरं, पण ज्याला घ्यायचंच आहे तो दुपारी येऊन त्याच काउंटरवर रेटतो. बारा ते दोनमध्ये येणाऱ्यांना थोडी सूट दिली की रेटा विखुरतो. सॅनिटायझरच्या बाटलीपेक्षा हे जास्त कामाचं.

हवेचंही तसंच. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. आपला डेझर्ट कुलर बाहेरची ओढतो, पण तो खिडकीबाहेर बसवलेला असेल आणि समोर हवा जायला वाट असेल तरच. जागा नाही म्हणून कुलर दुकानात ओढून ठेवला की तोही आतलीच हवा घुसळतो, वर दमटपणा वाढवतो. पावसाळ्यात पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. ताजी हवा मिळते, चिकचिक होत नाही.

आणि बरेच दिवस बंद राहिलेल्या दुकानातल्या कुलरची टाकी आधी बघा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. टाकी ब्रशने कडेपर्यंत घासा, जुनं गवत फेका, पुन्हा भरली तर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून वाळवा. करोनाच्या धास्तीत तापाचा पेशंट आधी आरटी-पीसीआरला जायचा, रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरचे निर्धास्त व्हायचे आणि डेंग्यूच्या शंकेने प्लेटलेट तपासायच्या राहून जायच्या.