एका ट्रॉलीचे तीन आकडे

लातूरच्या एका तेल कारखान्यात आवक मालाची तपासणी बघतो. नोव्हेंबर 2024 च्या पहिल्या पंधरवड्यात गेटवर आलेली एक ट्रॉली अजून डोक्यातून जात नाही. माल 22 क्विंटल सोयाबीन, लेबल नसलेले कट्टे, काही मोकळा, वर ताडपत्री. त्या मालाची हवा, म्हणजे दाण्यातली ओल, सकाळी हमीभावाच्या एका सरकारी खरेदी केंद्रावर 13.8 टक्के लागली होती. केंद्राची मर्यादा तेव्हा 12 टक्के, म्हणून माल परत. दुपारी आमच्या मीटरवर 12.4 लागली.

शेतकरी काकांनी विचारलं, "सायेब, चार तासांत इतकं वाळलं का ह्ये? का तुमच्यातलं एक मशीन खोटं बोलतंय?"

प्रश्न बरोबर होता, आणि खरेदीच्या गर्दीत त्याला थांबून उत्तर देणारा माणूस कुठल्याच गेटवर नसतो.

बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की इथे सोयाबीनचा भाव हवा, माती आणि डागी यांवर ठरतो. 10-2-2 म्हणजे 10 टक्के ओल, 2 टक्के माती-काडीकचरा, 2 टक्के डागी दाणा. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सौद्याला पुकारलेला भाव ऐकून माणूस घरी हिशेब मांडतो, पण तो भाव या तीन आकड्यांत बसणाऱ्या मालाचा असतो. काढणी पावसात सापडली की 10 टक्के हवेचा माल दिवाळीआधी फार थोड्यांकडे असतो.

10 चा आग्रह निव्वळ कापायला नसतो. ओला दाणा रोलरखाली नीट फुटत नाही, साल सुटत नाही, दाबून केलेल्या पापडीचे गोळे होतात. गोळ्याच्या आत हेक्झेन, म्हणजे तेल ओढून घेणारं द्रावण, शिरत नाही आणि तेल पेंडीत राहून जातं. उलट फार वाळला तर चुरा होतो आणि चुऱ्यातून हेक्झेन झिरपत नाही. गोदामात 13 च्या वरचा माल थप्पीत आतून तापतो, मग बुरशी, मग काळं तेल. क्विंटलमागे निघतं साधारण 18 किलो तेल, बाकी बहुतेक पेंड. त्यामुळे सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवूनही सोयाबीनचा भाव उठला नाही. कोंबडीखाद्याचे कारखाने मक्याच्या इथेनॉलमधून उरणाऱ्या स्वस्त चोथ्याकडे वळले होते, पेंडीला उठाव नव्हता. टीव्हीवर मात्र महिनाभर नुसती तेलाची चर्चा.

आता काकांच्या ट्रॉलीकडे. रात्रभर प्लास्टिकची ताडपत्री गच्च बांधलेली. दिवसा तापलेला माल रात्री वाफ सोडतो, ती थंड ताडपत्रीला आतून लागते आणि थेंब होऊन वरच्याच थरावर पडते. सकाळी आठ वाजता ताडपत्रीचं एक टोक उचलून वरून मूठभर दाणे घेतले, तर तो नमुना ट्रॉलीचा नसतो, ताडपत्रीखालच्या चार बोटांचा असतो. त्यात हे मीटर दाण्यातून वीज कशी जाते त्यावरून ओल ओळखतं. दाण्याच्या वरच्या सालीवर पाणी असेल तर ते आतल्या ओलीपेक्षा जास्त दाखवतं. थंड दाण्याला तापमानाची दुरुस्ती नीट झाली नाही, मागच्या माणसाने मीटरमध्ये सोयाबीनऐवजी तुरीचं कोष्टक निवडून ठेवलं, बॅटरी उतरली, कप कधी दाबून भरला कधी सैल, यातल्या प्रत्येकाने आकडा हलतो.

आम्ही पन्हळीसारखी लोखंडी नळी ट्रॉलीत पाच ठिकाणी तळापर्यंत खुपसतो, शिवाय कट्ट्यांतून वेगळं काढतो. सगळं ताटात एकत्र करून ढीग, ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, पुन्हा ढीग. हे तीनदा केलं की जो अर्धा किलो उरतो तो नमुना. मीटरवर तीन वाचनं आणि त्यांची सरासरी. त्या दिवशी काकांसमोरच थर वेगळे मोजून दाखवले. वर 13.9, मधे 12.1, तळाला 11.6. केंद्रावरचा माणूस खोटं बोलला नव्हता, त्याने फक्त वाकून खाली हात घातला नव्हता. त्यालाही दोष किती द्यायचा? मागे रांग, हातात एकच मीटर, आणि चाळणी कुणीतरी नेलेली.

आमची कपात अशी: 10 ते 12 पर्यंत टक्क्याला क्विंटलमागे 1 किलो, 12 च्या पुढे टक्क्याला 2 किलो. भाव होता 4250. 12.4 ला 2.8 किलो, म्हणजे 119 रुपये. आमच्याकडेही 13.8 लागली असती तर 5.6 किलो, 238 रुपये. 22 क्विंटलवर फरक 2618 रुपये. दुप्पट कपातीबद्दल माझं मत कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. 13.8 चा माल 10 वर आणला तर वजन प्रत्यक्षात क्विंटलमागे 4.2 किलोच घटतं. वरचे 1.4 किलो वाळवणीच्या इंधनाचे, असं मालक म्हणतात. ड्रायर चालतो तेव्हा ते खरं असतं. पण तोच ओला माल कोरड्यात मिसळून सरळ लाइनवर घेतला तर इंधन कुठलं जळलं?

खरी गोम संध्याकाळी निघाली. आठवड्यातून काही नमुने आम्ही ओव्हनमध्ये टाकतो. दळलेला दाणा वजन करून 105 अंशाला ठेवायचा, वजन घटायचं थांबलं की पुन्हा वजन. पाण्याचा हिशेब तिथे वादाला जागा ठेवत नाही. काकांच्या नमुन्याची हवा ओव्हनमध्ये 12.9 आली. शेजारचे नमुनेही तपासले, सगळ्यांत मीटर जवळपास अर्धा टक्का कमीच दाखवत होतं. म्हणजे त्या दिवसांत माल घातलेल्या प्रत्येकाला थोडे जास्त पैसे मिळाले होते. काकांना क्विंटलला साडेबेचाळीस, एकूण 935 रुपये.

ओव्हनची नोंद नेहमीप्रमाणे वर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर अर्ध्या टक्क्याने वर आणायचा आदेश आला, दुरुस्तीही झाली. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोट काढता येत नाही. पण इतकी तत्परता मीटर जास्त दाखवत असताना या बाजारात कुठे पाहिली, हे आठवून बघतो आहे. वजनकाट्यावर सरकारच्या वैधमापनशास्त्र विभागाचा तपासणीचा शिक्का असतो, तारीख असते, शेतकरी ती वाचूही शकतो. आडतीवर, केंद्रावर, कारखान्याच्या गेटवर जे मॉइश्चर मीटर मी पाहिले, त्यांतल्या एकावरही असा शिक्का नव्हता. काटा क्विंटलला अर्धा किलो खाऊ लागला तर मोंढा बंद पडेल. मीटर तेवढंच खातो तेव्हा शेतकरी म्हणतो, पाऊस लई झाला.

त्याच महिन्याच्या मध्यावर केंद्र सरकारने खरेदी केंद्रांवरची हवेची मर्यादा 15 टक्के केली. हमीभाव 4892 होता. आमच्याकडून काकांना कपात जाऊन क्विंटलला 4131 मिळाले. काही दिवस थांबले असते तर तोच माल त्याच खरेदी केंद्रावर बसला असता, फरक 22 क्विंटलला 16,742 रुपये. मर्यादा बदलणार हे ट्रॉली भाड्याने आणणाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता, आणि दिवाळीची उधारी थांबत नाही. लातूरच्या गंजगोलाई बाजारातला कापड दुकानदार, कृषी सेवा केंद्रवाला, मुलांचा क्लास, सगळे सोयाबीनच्या पट्टीकडेच, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीकडेच, डोळे लावून असतात.

मीटर दुरुस्त झाला त्या दिवशी, गेटवर फलक लावा, असं मी सुचवलं: मीटर कधी तपासला, ओव्हनशी किती फरक आला, किती दुरुस्ती केली. "लोकं उगं वाद घालतील," म्हणून ते राहिलं. वाद त्याच दिवशी झाला. काकांच्या गावातलीच दुसरी ट्रॉली आली, माल जवळजवळ तसाच. 13.0 लागली.

ट्रॉलीबरोबर आलेला पोरगा म्हणाला, "काल आमच्या चुलत्याला बारा पॉइंट चार लावली तुमी."

मीटर दुरुस्त केला, असं सांगितलं. तो पोरगा पट्टीकडे बघत म्हणाला, "आमच्याच नंबरला दुरुस्त झाला व्हय?"

ओव्हनची वही काढून दाखवली. त्याने ती वाचली, पण पटल्यासारखं दिसलं नाही. माल मात्र उतरवला, कारण परत मोंढ्यात नेलं तर भाडं दुसऱ्यांदा पडलं असतं.